दसऱ्याआधीचं तेल

खंडोजीअण्णा पिसे माणसं मापांवरून लक्षात ठेवतात. आमच्या शाळेचे गणवेश त्यांनी सव्वीस वर्षं शिवले. दर मार्चमध्ये परीक्षा संपता संपता ते यायचे, माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावर वही उघडून ठेवायचे आणि गळ्यात टेप अडकवून एकेका मुलाला पुढे बोलवायचे. नावं त्यांना कधीच पाठ झाली नाहीत. "टीचरक्का, तो सव्वीस छातीचा रडका आज दिसत नाही?" असं ते विचारायचे, आणि तो कोण ते मला लगेच कळायचं.

प्रत्येक चड्डीच्या, प्रत्येक स्कर्टच्या खालच्या दुमडीत ते दोन बोटं कापड जास्त ठेवत. ठरलेल्या कामात ते बसत नव्हतं. मुख्याध्यापकांनी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "पोरं वाढतात सर. कापड वाढत नाही."

त्यांचं दुकान बेंगळूरच्या चिकपेटमध्ये, मुख्य रस्त्यामागच्या एका अरुंद गल्लीत आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक मशीन, इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. मी गणवेशाचं कापड पोचवायला जायचे तेव्हा गल्लीत अकरा दुकानं होती आणि अकराही दुकानांना बाहेरून पितळी कुलपं लागायची. शेजारचं दुकान व्यंकटेशरावांचं, जर आणि साडीच्या काठांचं. ते आणि त्यांच्या पत्नी शारदाबाई दुकानाच्या वरच राहायचे. दोन्ही घरं पिढ्यान्पिढ्या बेंगळूरची, मराठी घरात, बाहेरचं सगळं कन्नडमधून. व्यंकटेशराव उंच, नीटनेटके आणि कटकटे. खंडोजीअण्णा बुटके आणि चेष्टेखोर. दोघं दिवसभर भांडायचे आणि चार वाजता एकाच फिल्टर कॉफीचे दोन भाग करायचे.

आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, गल्ली पाहण्यासारखी असायची. तराजू, कात्र्या, गज, मशिनी धुऊनपुसून मांडलेल्या, त्यांना हळदकुंकू, आणि कुंकू भरून दारात फोडलेल्या कोहळ्याचा लाल चिखल. त्याच्या आदल्या रविवारी, बाजार बंद असताना, खंडोजीअण्णा एक काम करत. शिलाई मशीनच्या तेलाची बुधली घेत, दाभणाच्या टोकाला कापूस गुंडाळत, तो तेलात बुडवत आणि गल्लीतल्या प्रत्येक कुलपाच्या भोकात घालून फिरवत. त्यांच्या वडिलांपासूनची ही पद्धत. शिंप्याकडे तेल असतं, म्हणून गल्लीच्या कुलपांचं तेल शिंप्याकडे. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी आभार मानत नव्हतं. लोकांना एवढंच माहीत की आपलं कुलूप अडत नाही.

मी निवृत्त झाले, शाळेचे गणवेश कारखान्यातून येऊ लागले. व्यंकटेशरावांनी राजाजीनगरात घर घेतलं आणि ते तिथून ये-जा करू लागले. पाच वर्षांपूर्वी ते वारले. मुलाला व्यापारात रस नव्हता. त्याने दुकान गिरीराज नावाच्या एका तरुण व्यापाऱ्याला विकलं. बाकीची दुकानंही बदलत गेली. नव्या शटरांना आतून कुलपं आली आणि बाहेर लटकणारी जुनी कुलपं तीन उरली. त्यांतलं एक गिरीराजच्या दारावर होतं. दुकानाबरोबर आलेलं कुलूप मजबूत होतं, म्हणून त्याने ते बदललं नव्हतं. बदलला होता तो फक्त दरवाज्यावरचा दिवा. त्या जागी त्याने कॅमेरा बसवला होता.

दोन वर्षांपूर्वी, आयुधपूजेच्या आदल्या रविवारी, खंडोजीअण्णा पंचाहत्तर वर्षांचे होते. सोमवारी सकाळी गिरीराजने मोबाइलवर चित्रण पाहिलं. भर दुपारी, निर्मनुष्य गल्लीत, एक म्हातारा आपल्या कुलपात अणकुचीदार काहीतरी घालून फिरवतोय. मधेच थांबून डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, पुन्हा फिरवतो. असं तीनदा. त्याच महिन्यात पलीकडच्या गल्लीत एक दुकान फुटलं होतं. गिरीराज पोलिसात गेला. त्याच्या जागी मी असते तर मीही गेले असते.

घरफोडीचा प्रयत्न असा गुन्हा नोंदला गेला. दाभण, बुधली आणि ते कुलूप जप्त झालं. एक रात्र खंडोजीअण्णा कोठडीत राहिले आणि दुसऱ्या दिवशी जामिनावर घरी आले. मला कळलं ते त्यांच्या मुलाच्या, पद्मनाभच्या फोनवरून. "टीचर, तुम्ही समजावा त्यांना. तुमचं ऐकतील."

समजवायचं काय, ते त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. पद्मनाभने एक वकील गाठला होता. त्या वकिलाचं म्हणणं, वय बघून न्यायाधीश नरम पडतील, गुन्हा कबूल करा. चांगल्या वागणुकीची हमी लिहून घेऊन बहुतेक सोडून देतील. एका दिवसात सुटका. लढलात तर वर्षं जातील, आणि हरलात तर या वयात तुरुंग.

"एका दिवसात," पद्मनाभ म्हणाला. "अप्पा, कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल की," खंडोजीअण्णा म्हणाले. ते खिडकीपाशी बसून शर्टाला बटण लावत होते. "कबूल म्हणजे काय कबूल करू? तेल घातलं हे कबूल आहे. ते तर मी पोलिसांनाही सांगितलं."

"ते नाही, चोरी करणार होतात हे."

"मग लिहितील काय कागदावर? खंडोजी पिसे, शिंपी, चोर?"

"प्रयत्न, अप्पा. चोरीचा प्रयत्न."

"म्हणजे चोरी पण जमली नाही. अजून वाईट."

पद्मनाभने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना समजवायचं सोडून शलाकाला फोन केला.

शलाका माझी विद्यार्थिनी. तिचे वडील पुण्याहून सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले आणि इथलेच झाले. वर्गात ती प्रत्येक उत्तराला "पण का?" विचारायची. आता ती फौजदारी खटले चालवते. मी तिला के. आर. पुरमहून मेट्रोने बोलावलं आणि चिकपेट स्टेशनवरून दुकानात घेऊन गेले. खंडोजीअण्णांनी चष्मा वर करून तिला निरखलं.

"डावा खांदा अर्धा इंच उतरता," ते म्हणाले. "सहावी-सातवीत. डाव्या खांद्याला मी आतून पट्टी घालायचो."

शलाकाने नकळत खांदा सरळ केला. "बाई, हे मला कुणी कधी सांगितलंच नाही."

"सांगायचं नसतं," खंडोजीअण्णा म्हणाले. "झाकायचं असतं."

तिने स्टुलावर बसून त्यांना त्यांचा खटला समजावला. "अण्णा, कायद्यात तीन पायऱ्या असतात. आधी मनात हेतू, मग तयारी, मग प्रयत्न. नुसत्या तयारीला बहुतेक वेळा शिक्षा नसते, प्रयत्नाला असते. ते म्हणणार, टोकदार वस्तू कुलपात गेली म्हणजे प्रयत्न झाला."

खंडोजीअण्णांनी विचार केला. "म्हणजे खडूने आखलं ती तयारी. खडू झटकता येतो. कात्री लावली की प्रयत्न."

"करेक्ट. एकदम करेक्ट."

"पण मी त्यांचं कापडच हातात घेतलं नव्हतं."

"तेच तर सिद्ध करायचंय. तुमचा हेतू काय होता ते. तेल घालताना कधी कुणी बघितलंय तुम्हाला?"

रविवारी गल्लीत कोण असणार? बघितलं होतं ते व्यंकटेशरावांनी, आणि ते राहिले नव्हते. बाकीच्या जुन्या दुकानदारांची मुलं कुठेकुठे पांगली होती. तेहतीस वर्षं केलेल्या कामाला एक साक्षीदार मिळेना, कारण ते काम कुणाला दिसू नये अशाच वेळी केलं होतं.

"आणि डावीकडे-उजवीकडे का बघत होतात? सरकारी वकील त्याच्यावरच जोर देणार. चोरच असं बघतो, म्हणतील."

"सवय," खंडोजीअण्णा म्हणाले.

"कसली सवय?"

"बघायची."

शलाका माझ्याकडे बघून हसली, पण तिच्या कपाळावर आठी होती. ती उठली, इतक्यात खंडोजीअण्णांनी मशीनवरचं जाड कव्हर ओढून घेतलं, त्याची खालची दुमड चाचपली आणि ब्लेडने चार टाके उसवले. आतून एक पितळी किल्ली निघाली.

"पोलिसांनी दुकानाची झडती घेतली, त्यांना सापडली नाही," ते म्हणाले. "व्यंकटेशची आहे. त्याच कुलपाची."

शलाका पुन्हा स्टुलावर बसली.

हकीकत अशी होती. व्यंकटेशरावांचं त्यांच्या भावांशी दुकानातल्या मालाच्या वाटणीवरून कोर्टात चाललं होतं. भावांच्या हाती लागू नये म्हणून एका आयुधपूजेला त्यांनी ही दुसरी किल्ली खंडोजीअण्णांना दिली आणि मशीनवर हात ठेवायला लावून शब्द घेतला: किल्ली तुझ्याकडे आहे हे कुणाला सांगायचं नाही, आणि परत द्यायची ती माझ्याच हातात. मग व्यंकटेशराव आजारी पडले, इस्पितळात कुणाला भेटू देत नव्हते, आणि किल्ली परत देण्याचं राहून गेलं. मुलाला द्यायची तर किल्ली आपल्याकडे होती हे सांगावं लागलं असतं. भावांचा दावा अजून चालूच होता. खंडोजीअण्णांनी ती कव्हरात शिवून टाकली.

"अण्णा," शलाका हळू म्हणाली, "ज्याच्याकडे किल्ली आहे तो दाभणाने कुलूप कशाला उघडेल? ही तुमची सगळ्यात मोठी साक्ष आहे."

"म्हणून तुम्हाला दाखवली. कोर्टात नाही दाखवायची."

"मग मला दाखवून काय उपयोग?"

"तुम्ही माझे वकील ना. तुमचा तरी विश्वास बसायला हवा की नको?"

ती अर्धा तास त्यांच्याशी वाद घालत होती. त्यांचा एकच धोशा, शब्द दिलाय. घेणारा गेला म्हणून शब्द संपत नाही. पद्मनाभला कळलं तेव्हा तो रडायच्या बेताला आला. एका मेलेल्या माणसाच्या शब्दापायी बाप तुरुंगात जाणार, असं म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

खटला उभा राहायला वर्ष गेलं. ते वर्ष खंडोजीअण्णांना जड गेलं. गल्लीतले नवे दुकानदार त्यांच्यापुढून जाताना मोबाइलमध्ये बघत. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका कमी झाल्या. आयुधपूजा आली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या मशीनला तेल घातलं आणि शटर ओढून घेतलं.

शब्दातून त्यांना मोकळं करू शकेल असं एकच माणूस राहिलं होतं, आणि ते मला सुचायला इतके महिने लागले याची मला अजून लाज वाटते. मी राजाजीनगरला शारदाबाईंकडे गेले. मी कुठल्याच किल्लीचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाले की खंडोजीअण्णांवर असा असा आळ आलाय, आणि ते एका शब्दात अडकलेत.

शारदाबाई पालक निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "किल्लीचा शब्द ना?"

मी समोरची एक जुडी ओढून पानं खुडू लागले.

"यांना वाटायचं, मला काही ठाऊक नाही. मी कट्ट्याच्या पायरीवर बसून बघितलं होतं, मशीनवर हात ठेवून चाललेलं नाटक." मग त्या हसल्या. "दोघांना चोरून काही करता यायचं नाही, अक्का. एकदा रविवारी दुकानातला नळ फुटला. आम्ही तिरुपतीला. खंडोजींनी दुकान उघडलं, पाणी थांबवलं, भिजलेले काठ दोरीवर वाळत घातले आणि पुन्हा घड्या घालून ठेवून कुलूप लावलं. यांना कळू दिलं नाही. पण घड्या शिंप्याच्या होत्या, शिवणाचं तोंड आत. यांनी बघितलं, आणि तेही काही बोलले नाहीत."

"तुम्ही सांगाल का कोर्टात?"

"भावांचा दावा आमच्या मुलाने मागच्या वर्षी मिटवला. आता लपवायचं कुणापासून? खंडोजींना सांगा, मी सोडलं म्हणून. नको, मीच सांगते. तुमच्या सांगण्यावरून तो शब्द सुटायचा नाही."

फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "खंडोजी, सरी, पुरे झालं आता." पलीकडून "सरी अक्का," ठीक आहे, असं ऐकू आलं.

कोर्टात मी दोन्ही दिवस मागच्या बाकावर होते. पहिल्या दिवशी गिरीराजची साक्ष झाली. त्याने जे पाहिलं तेवढंच सांगितलं, तिखटमीठ लावलं नाही. शलाकाने उलटतपासणीत त्याला फार विचारलं नाही.

"दुकान घेतल्यावर कुलपात तेल घातलं होतं कधी?"

"नाही."

"दोन पावसाळे गेले. कुलूप कधी अडलं?"

"नाही."

"कुणी तेल घातलं असेल, असं कधी वाटलं?"

त्याने खंडोजीअण्णांकडे पाहिलं आणि खाली पाहिलं.

सरकारी वकिलाने चित्रण लावलं. तीनदा डावीकडे, तीनदा उजवीकडे. "आपण काय बघत होता?" न्यायाधीशांनी कन्नडमध्ये विचारलं. "सवय, स्वामी," खंडोजीअण्णा म्हणाले. पद्मनाभने डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी शारदाबाई आल्या. किल्ली कधी दिली, कशी दिली, नळाच्या वेळी काय झालं, सगळं त्यांनी क्रमाने सांगितलं. तेलाचंही सांगितलं. "दर वर्षी दसऱ्याआधी आमच्या पायरीवर तेलाचा डाग पडायचा. आमचे हे वरून ओरडत खाली यायचे." न्यायाधीशांनी जप्त केलेलं कुलूप आणि किल्ली मागवली.

कुलूप मुद्देमालाच्या खोलीतून वर्षभराने बाहेर येत होतं. कारकुनाने किल्ली घातली. ती आत गेली, पण फिरेना. सरकारी वकील उभे राहिले. मग गिरीराजची स्वतःची किल्ली घालून पाहिली, तर तीही फिरेना. कारकून दोन्ही हातांनी जोर लावू लागला.

"अहो, मोडेल ती," खंडोजीअण्णा आरोपीच्या जागेवरून म्हणाले. मग न्यायाधीशांकडे वळून, हात जोडून: "स्वामी, स्वल्प एण्णे हाकबेकु."

थोडं तेल घालायला हवं. कोर्टात हसू पिकलं. न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. जप्त झालेली बुधली मुद्देमालातच होती. कारकुनाने दोन थेंब सोडले, थोडं थांबला, आणि व्यंकटेशरावांच्या किल्लीने कुलूप उघडलं.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. चोरीचा हेतू दिसत नाही, आणि हेतूवाचून प्रयत्न होत नाही, असं लिहून न्यायाधीशांनी त्यांना निर्दोष सोडलं. बाहेर व्हरांड्यात खंडोजीअण्णांनी किल्ली शारदाबाईंपुढे धरली. त्यांनी ती घेतली, क्षणभर मुठीत ठेवली आणि गिरीराजच्या हातात दिली.

गिरीराजने ती खंडोजीअण्णांपुढे केली. "अण्णा, तुमच्याकडेच राहू दे."

"नको रे बाबा," खंडोजीअण्णा म्हणाले. "आता तुझा कॅमेरा आहे ना राखणीला."

गिरीराज खजील झाला. शारदाबाई खंडोजीअण्णांना म्हणाल्या, "झालं ना? आता टोमणे मारायचे नाहीत."

यंदा आयुधपूजेच्या आदल्या रविवारी खंडोजीअण्णांनी मला बोलावलं. एकटं जायचं मन होत नव्हतं, हे त्यांनी सांगितलं नाही, मी ओळखलं. दाभण नवं होतं. जुनं त्यांनी कोर्टातून परत आणलं होतं, पण वापरलं नाही. गिरीराज शटरापाशी उभा होता, हातात तीन कॉफ्या. कुलूप त्याने परत मिळाल्यावर पुन्हा दारावर लावलं होतं.

"करा अण्णा, मी आहे इथे."

"कुणी बघत असलं की काम जमत नाही," खंडोजीअण्णा म्हणाले. तरी त्यांनी कापूस गुंडाळला, तेलात बुडवला, दाभण कुलपात घातलं. दोनदा फिरवलं. आणि थांबले. डावीकडे बघितलं. उजवीकडे, वरच्या जिन्याच्या तोंडाशी बघितलं. पुन्हा फिरवलं.

"अण्णा," गिरीराज म्हणाला, "आता तर सांगा. काय बघता?"

खंडोजीअण्णांनी रुमालाने कुलपाचं बूड पुसलं. मग खाली वाकून पायरी पुसली. तिथे तेलाचा एक थेंब पडला होता.

"व्यंकटेश येतोय का ते," ते म्हणाले. "पायरीवर तेल सांडलेलं त्याला चालायचं नाही."